ठाकुर्लीला न आलेला वायू

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास ठाण्यात वीज गेली. टेंभी नाका, जांभळी नाक्याची बाजारपेठ, स्टेशन, सगळं एकाच वेळी बंद पडलं. मुंबईत तीच गत होती. लोकल जिथल्या तिथं थांबल्या आणि त्यांतून उतरून परिचारिका, पोलीस, पालिकेचे कर्मचारी रुळांवरून चालू लागले, कारण त्या महिन्यांत लोकलमध्ये अत्यावश्यक सेवेतल्यांनाच प्रवेश होता. कोविडची रुग्णालयं जनरेटरवर गेली.

बिघाड दूरचा नव्हता. टेंभी नाक्यावरून निघून खाडी ओलांडली की कळवा लागतं आणि भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याहून 400 केव्हीच्या वाहिन्या कळव्याच्या उपकेंद्रात येतात. आदल्या दोन दिवसांत या परिसरातल्या काही वाहिन्या दुरुस्तीसाठी बंद होत्या. उरलेल्यांवर भार वाढला आणि त्या एकामागून एक ट्रिप झाल्या. अशा वेळी मुंबई राज्याच्या ग्रिडपासून वेगळी काढून शहरातल्या केंद्रांच्या बळावर चालू ठेवायची योजना आहे. वीज खात्यात तिला आयलंडिंग म्हणतात. त्या दिवशी ती टिकली नाही, ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राचे संच बंद पडले आणि सगळं महानगर थांबलं.

पडघ्यापर्यंत येणारी वीज बरीच लांबून येते. चंद्रपूरच्या कोळशावर तयार झालेली वीज 752 किलोमीटर लांबीच्या एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाच्या, वाहिनीतून 1999 पासून तिथं उतरते. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांचे दिवे विदर्भातल्या कोळशाशी असे बांधलेले आहेत. मधली तार तुटली, तर जवळ काय आहे? गेल्या चाळीस वर्षांत महाराष्ट्रानं या प्रश्नाला जी उत्तरं शोधली, त्यांतलं मोठं उत्तर नैसर्गिक वायूचं होतं. त्याची सुरुवात उरणला झाली, मोठा प्रयोग दाभोळला झाला आणि एक प्रकरण ठाकुर्लीत कागदावरच संपलं.

ठाकुर्लीला विजेचा जुना इतिहास आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. पुढं घाटावर पुण्यापर्यंत विजेची गाडी न्यायची, तर ही गाडी चालवणाऱ्या जीआयपी रेल्वेला स्वतःची वीज हवी होती. म्हणून उल्हास नदीच्या काठी, कल्याण आणि डोंबिवलीच्या मध्ये, 1929 च्या सुमारास कोळशावरचं चोळे पॉवर हाऊस उभं राहिलं. रेल्वेचा कोळसा रेल्वेच्याच वाघिणींतून यायचा आणि पाणी नदीचं. केंद्र, इंधनाची वाट आणि ग्राहक, तिन्ही एकाच मालकाच्या हाती. ही व्यवस्था जवळपास साठ वर्षं चालली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस केंद्र थकलं आणि बंद झालं. जागा आणि पाणी मात्र रेल्वेकडेच राहिलं.

तोवर महाराष्ट्राच्या दारात नवं इंधन आलं होतं. फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात बॉम्बे हायचं तेल सापडलं आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. तेलाबरोबर वायूही वर येत होता. तो वापरायची सोय होईपर्यंत जाळून टाकण्यावाचून इलाज नव्हता. 1978 मध्ये समुद्राखालची नळवाहिनी उरणला पोचली आणि हा वायू किनाऱ्यावर आला. त्यानंतर चारच वर्षांत, 1982 मध्ये, राज्य वीज मंडळानं उरणजवळ बोकडवीरा इथं वायूवर चालणारे 60 मेगावॅटचे चार संच सुरू केले. काही वर्षांतच 108 मेगावॅटचे आणखी चार संच जोडले गेले. देशात वायूपासून वीज करण्याची सुरुवात आसामातल्या नामरूपला 1965 मध्ये झाली होती, पण एका महानगराच्या उंबरठ्यावर एवढं मोठं केंद्र ही नवी गोष्ट होती.

वायू टर्बाइन विमानाच्या जेट इंजिनाच्या जातीचं यंत्र आहे. हवा दाबायची, तिच्यात वायू जाळायचा आणि तापून फुगलेल्या झोतानं पाती फिरवायची. पाणी उकळायची, कोळसा दळायची गरज नाही, त्यामुळे संच काही मिनिटांत सुरू होतो. कोळशाचा थंड पडलेला संच पुन्हा पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात. वायूच्या संचात तोटा एकच: टर्बाइनमधून बाहेर पडणारी हवा पाचशे अंशांच्या आसपास तापलेली असते आणि ती तशीच सोडली, तर इंधनातली जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची ऊर्जा विजेत उतरते. नव्वदच्या दशकात उरणला या फुकट जाणाऱ्या उष्णतेवर वाफ तयार करून 120 मेगावॅटचे दोन संच चालवायला सुरुवात झाली. थेंबभरही जादा वायू न जाळता 240 मेगावॅटची भर पडली. वाफेची अशी जोड दिलेल्या आधुनिक केंद्रांत निम्म्याहून अधिक ऊर्जा हाती लागते, राख उरत नाही आणि एका युनिटमागं होणारा कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या सुमारे निम्मा असतो.

यंत्राबद्दल उरणला तक्रार करायला फारशी जागा नव्हती. अडचण नळाच्या दुसऱ्या टोकाला होती. बॉम्बे हायच्या वायूवर अनेकांचा डोळा होता. ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळ इथले आरसीएफचे खत कारखाने याच वायूवर अवलंबून होते आणि खताचा हक्क विजेच्या आधीचा मानला गेला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही एचबीजे वाहिनी तयार झाली आणि पश्चिम किनाऱ्याचा वायू राजस्थान, उत्तर प्रदेशापर्यंत गेला. अंता आणि औरैया इथं एनटीपीसीनं वायूची केंद्रं उभारली. देशाच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. पण उरणच्या वाट्याला मोजका वायू उरला आणि जुने 60 मेगावॅटचे संच पुढं निवृत्त झाल्यावर राहिलेलं 672 मेगावॅटचं केंद्रही पूर्ण क्षमतेनं क्वचितच चाललं.

1991 नंतर केंद्र सरकारनं वीजनिर्मिती परदेशी कंपन्यांना खुली केली. जून 1992 मध्ये अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीनं राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला. जागा ठरली ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या तोंडाशी, अंजनवेलजवळ. बॉम्बे हायचा वायू पुरणार नव्हता, म्हणून परदेशातून द्रवरूप वायू जहाजांनी आणायचा, किनाऱ्यावर त्याचा पुन्हा वायू करायचा आणि वीज करायची, अशी योजना होती. वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटतं. त्यामुळेच तो समुद्रापलीकडून आणता येतो.

जागतिक बँकेनं एप्रिल 1993 मध्येच हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज द्यायला नकार दिला. तरीही 8 डिसेंबर 1993 रोजी वीजखरेदीचा करार झाला. त्याची मांडणी समजून घेतली की पुढचं सगळं उलगडतं. केंद्र वीज द्यायला तयार असेल, तर वीज घेतली न घेतली तरी मंडळानं ठरावीक स्थिर आकार भरायचा होता. किंमत डॉलरशी बांधलेली होती. इंधन महागलं तर तो भार मंडळावर आणि रुपया घसरला तर तोही मंडळावर. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेत गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आकड्यांचं बारीक विश्लेषण करून धोका वेळीच लोकांसमोर ठेवला होता. गुहागर तालुक्यात अंजनवेल, वेलदूरचे मच्छीमार आणि शेतकरी जमीन आणि मासेमारीच्या प्रश्नावर रस्त्यावर आले. त्यांच्यावर झालेल्या पोलिसी कारवाईची दखल आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांना घ्यावी लागली.

मार्च 1995 मध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीनं प्रकल्पाची छाननी केली आणि ऑगस्टमध्ये सरकारनं तो रद्द केला. नोव्हेंबरात एन्रॉनच्या रिबेका मार्क यांनी बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली. फेरवाटाघाटी झाल्या आणि 1996 च्या सुरुवातीला प्रकल्प पुन्हा मार्गी लागला. या वेळी त्याची क्षमता आधीपेक्षा वाढून 2184 मेगावॅट झाली. मे 1996 मध्ये केंद्रातल्या तेरा दिवसांच्या सरकारनं जाता जाता त्याच्या प्रतिहमीला, म्हणजे राज्यानं पैसे थकवले तर केंद्र ते भरेल या हमीला, मान्यता दिली.

740 मेगावॅटचा पहिला टप्पा मे 1999 मध्ये सुरू झाला, पण वायूवर नाही. वायूचं टर्मिनल तयार नव्हतं, म्हणून केंद्र कच्च्या तेलापासून मिळणारा नाफ्था जाळत होतं. नेमकं त्याच काळात कच्चं तेल महागलं, नाफ्था महागला आणि रुपया घसरला. दाभोळची वीज मंडळाला इतर कुठल्याही विजेपेक्षा महाग पडू लागली. मंडळ ती कमीत कमी घेऊ लागलं आणि जितकी कमी घेतली, तितका स्थिर आकार प्रत्येक युनिटवर जास्त बसत गेला. 28 जानेवारी 2001 रोजी मंडळानं पूर्ण क्षमतेची वीज मागितली, तेव्हा करारात ठरलेल्या वेळात केंद्र तिथवर पोचू शकलं नाही. मंडळानं 401 कोटी रुपयांचा दंड लावला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये माधव गोडबोले समितीनं करार परवडणारा नसल्याचा स्पष्ट निष्कर्ष दिला. मेअखेर केंद्र बंद झालं. 1444 मेगावॅटचा दुसरा टप्पा तेव्हा जवळजवळ बांधून झाला होता. त्याच्यासाठी ओमान आणि अबुधाबीच्या वायूचे करारही झाले होते. 2 डिसेंबर 2001 रोजी एन्रॉननं अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली.

दाभोळ बंद पडण्याची किंमत पुढच्या काही वर्षांत ठाणे जिल्ह्यानं अंधारात मोजली. नवी केंद्रं उभी राहिली नव्हती आणि मागणी वाढतच होती. 2005 नंतर राज्याची तूट चार-पाच हजार मेगावॅटपर्यंत गेली. कल्याण-डोंबिवलीत इन्व्हर्टर ही घरातली आवश्यक वस्तू झाली, मुलांचा अभ्यास भारनियमनाच्या वेळापत्रकावर ठरू लागला, भिवंडीचे यंत्रमाग तासन्‌तास थांबू लागले. जानेवारी 2007 मध्ये भिवंडीचं वीजवितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे गेलं. 2184 मेगावॅटचं केंद्र गुहागरच्या किनाऱ्यावर उभं असताना ही वेळ आली होती.

जुलै 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकारानं रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली आणि 2006 मध्ये दाभोळ पुन्हा नाफ्थ्यावर सुरू झालं. 2007 मध्ये गेलची नळवाहिनी पनवेलहून दाभोळला पोचली. एप्रिल 2009 मध्ये आंध्रच्या किनाऱ्यालगतच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-6 क्षेत्रातून रिलायन्सचा वायू वाहू लागला आणि दाभोळ प्रथमच स्वस्त देशी वायूवर जोमानं चाललं. राज्याला दीड-दोन हजार मेगावॅटचा आधार मिळाला. 2010 मध्ये या क्षेत्रातून दिवसाला 6 कोटी घनमीटर वायू निघत होता. मग भूगर्भानं अंदाज खोटे ठरवले. उत्पादन घसरत गेलं, उरलेला वायू आधी खताला मिळाला आणि 2013 मध्ये दाभोळ पुन्हा थांबलं. त्याच वर्षी जानेवारीत दाभोळचं द्रवरूप वायूचं टर्मिनल सुरू झालं होतं. पण परदेशी वायूच्या किमतीत होणारी वीज घ्यायला कुणी तयार नव्हतं, आणि लाटारोधक बांध अपुरा असल्यामुळे पावसाळ्यात तिथं जहाज लागतच नव्हतं.

ठाकुर्लीचं प्रकरण याच काळातलं. 25 फेब्रुवारी 2011 रोजी रेल्वे अर्थसंकल्प मांडताना तेव्हाच्या रेल्वेमंत्री ममता बॅनर्जी यांनी महाराष्ट्र सरकारच्या भागीदारीत ठाकुर्लीला 700 मेगावॅटचं वायूवर चालणारं केंद्र उभारायची घोषणा केली. योजनेत तथ्य होतं. जागा रेल्वेची होती, पाणी उल्हासचं होतं आणि ग्राहक तर दारातच होता: दिवसाला लाखो प्रवासी वाहणारी उपनगरी रेल्वे. कळवा-पडघ्याच्या वाहिन्यांवरचा भार कमी करणारं, मागणीच्या अगदी मध्यावरचं केंद्र महामुंबईला हवंच होतं. एकच गोष्ट नव्हती. डी-6 आटायला लागलं होतं, उरणला पुरेसा वायू नव्हता आणि ठाकुर्लीला वायू देणारा कुणी पुढं आला नाही. केंद्राची वीटही रचली गेली नाही.

रेल्वेला वायूची वीज मिळाली, पण वेगळ्या वाटेनं. 2015 पर्यंत जागतिक बाजारात द्रवरूप वायू स्वस्त झाला होता. केंद्र सरकारनं बंद पडलेल्या वायू केंद्रांसाठी आयात वायूचा लिलाव, अनुदान आणि करसवलत अशी योजना आणली. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय वीज नियामक आयोगानं रेल्वेला स्वतःची वीज थेट विकत घेऊन वाहून नेण्याचा हक्क मान्य केला. महिनाअखेरीस दाभोळची वीज रेल्वेला मिळू लागली. एकूण 500 मेगावॅटचा व्यवहार आणि युनिटला सुमारे 4.70 रुपये दर, म्हणजे रेल्वे आधी मोजत होती त्यापेक्षा कितीतरी कमी. पुढची सहा वर्षं ठाण्या-कल्याणच्या लोकलच्या विजेत दाभोळचा वाटा राहिला. ज्या केंद्रानं मंडळाला दिवाळखोरीच्या काठावर नेलं, तेच केंद्र ठरावीक ग्राहक, ठरलेली किंमत आणि खात्रीचा वायू मिळताच उपयोगी ठरलं. यंत्रं तीच होती. बदलला होता तो करार.

हा करार मार्च 2022 मध्ये संपला आणि नेमकं त्याच सुमारास युक्रेनचं युद्ध सुरू झालं. युरोपनं रशियाऐवजी जहाजांनी येणारा वायू उचलायला सुरुवात केल्यावर आशियातल्या किमती आजवरच्या उच्चांकाला गेल्या. दाभोळ पुन्हा गप्प झालं. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात विजेची टंचाई होती.

2024 मध्ये देशात वायूवरची क्षमता सुमारे 25 हजार मेगावॅट होती आणि देशाच्या एकूण विजेत तिचा वाटा 2 टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेत हाच वाटा 40 टक्क्यांच्या घरात आहे, कारण तिथं वायू जमिनीखालून मुबलक निघतो. नुसते युनिट मोजले, तर भारतातली ही केंद्रं फसलेली गुंतवणूक वाटतील. पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मागणी विक्रमाकडे जाऊ लागली, तेव्हा केंद्र सरकारनं वीज कायद्याच्या कलम 11 खाली वायू केंद्रांना मे आणि जून महिन्यांत तयार राहण्याचा आदेश दिला. वर्षातल्या मोजक्या संध्याकाळी, सूर्य मावळून सौर वीज संपते आणि घराघरांत पंखे-एसी सुरू असतात, तेव्हा काही मिनिटांत भार उचलणारा संच लागतो. वायू केंद्रांचं खरं मोल तिथं आहे.

हे काम आता एकट्या वायूचं राहिलेलं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्र आहे. वीज खात्यातली जुनी माणसं त्याला ‘एलडी कळवा’ म्हणतात. कुठला संच किती चालवायचा हे तिथं घडीघडीला ठरतं. संध्याकाळच्या भारासाठी त्यांच्याकडे कोयना आहे, पण कृष्णेच्या पाणीवाटपामुळे कोयनेनं पश्चिमेला सोडायचं पाणी वर्षाला 67.5 टीएमसीपुरतं (अब्ज घनफूट) बांधलेलं आहे. शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याजवळ घाटघरचं 250 मेगावॅटचं उदंचन केंद्र आहे. मागणी कमी असताना ते पाणी वर चढवतं आणि गरज पडली की तेच पाणी खाली सोडून वीज करतं. कर्जतजवळ भिवपुरीला 1000 मेगावॅटचं असंच केंद्र उभारायचा सामंजस्य करार टाटा पॉवरनं 2023 मध्ये राज्य सरकारशी केला आहे. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत. पण पाणी आणि बॅटरी चार-सहा तासांपुरतीच साथ देतात. पावसाळ्यात सलग आठवडाभर ढग राहिले, किंवा पडघ्याची वाहिनी दिवसभरासाठी पडली, तर वायूचा संच अजूनही लागतो. उरणचा आहेच आणि ट्रॉम्बेला टाटांचा 180 मेगावॅटचा आहे.

म्हणून दाभोळला किंवा उरणला राखीव म्हणून ठेवायचं, तर त्या तयारीची किंमत उघडपणे ठरवावी लागेल आणि ती कोण भरणार हेही आधीच सांगावं लागेल. एन्रॉनच्या करारात तयारीची किंमत होती, पण ती डॉलरमध्ये होती, तिला मर्यादा नव्हती आणि इंधनाचा सगळा धोका ग्राहकावर टाकलेला होता. 2015 च्या रेल्वे करारात मुदत, दर आणि वायू तिन्ही ठरलेले होते आणि तो निभावला. नियामक आयोगासमोर वायूच्या विजेचा नवा प्रस्ताव येईल, तेव्हा मेगावॅटच्या आधी वायू कुठून येणार, किती वर्षांसाठी आणि कुठल्या चलनात, हे तीन प्रश्न विचारले जायला हवेत, आणि त्यांची उत्तरं डोंबिवलीच्या वीजबिल भरणाऱ्यांना वाचता येतील अशी जाहीर झाली पाहिजेत.